रत्नागिरी जिल्ह्यातील व्यवसाय शिक्षण

एखाद्या व्यवसायास लागणारे हस्तकौशल्य, त्यामागील शास्त्रीय ज्ञान आणि ते आत्मसात केल्याची ग्वाही देणारे प्रमाणपत्र वा पदविका या तिहींची व्यवस्था करणाऱ्या शिक्षणास व्यवसाय शिक्षण म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते मुख्यत्वे समुदाय महाविद्यालयांतून (कम्युनिटी कॉलेजांतून) दिले जाते. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील महाविद्यालय (१९०१) हे त्यांपैकी सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानतात. तेथे संधाता (वेल्डर), परिचारिका, हिशेबनीस असे निरनिराळे उमेदवार एकाच संस्थेत शिकतात. भारतात हेच काम अनेक खात्यांत विभागले गेले आहे. कारागिरांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, पदविकाधारक तंत्रज्ञांसाठी तंत्रनिकेतने, मच्छीमारांसाठी मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे आणि शेतीसाठी कृषी विद्यापीठाशी निगडित विद्यालये अशी ही रचना आहे. रत्नागिरी जिल्ह्यात या सर्व शाखा आढळत असल्याने आणि तेथील समाजजीवन स्थलांतराशी पिढ्यान्‌पिढ्या जखडलेले असल्याने, प्रमाणपत्राने माणसाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडतो हे पाहण्यास हा जिल्हा विशेष सोयीचा आहे.

पूर्वपीठिका : सुतार, लोहार, कासार, गवंडी आणि होड्या बांधणारे कारागीर यांचे शिक्षण कोकणात परंपरेने घरातच होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीस एक उद्योगशाळा (स्कूल ऑफ इंडस्ट्री) निघाली. तीत सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. तथापि त्या काळातील कोकणी तरुणाची खरी व्यवसायशाळा म्हणजे मुंबईची कापड गिरणी होय. गावचा किंवा भावकीतील कोणी आधीच गिरणीत असे. त्याच्या ओळखीने नवागत मुकादमापुढे उभा राही, काही काळ बदली कामगार म्हणून काढी आणि साच्यावरच काम शिके. राहण्यास गावकीची खोली असे. या शिक्षणास फी नव्हती, तसेच प्रमाणपत्रही नव्हते. साऱ्याचा आधार ओळख हाच होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ही व्यवस्था मोडून पडली आणि ओळखीची जागा कागदाने घेतली. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे वाढलेल्या ओढ्याचा विचार करताना ही घटना नजरेआड करता येत नाही.

स्थलांतर मात्र थांबले नाही. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ इतकी खाली आली. त्याच वर्षी दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १,१२२ होते. राज्याची लोकसंख्या वाढत असता एका जिल्ह्याची घटावी, ही बाब तेथील शिक्षणाच्या विचारात प्रथम लक्षात घ्यावी लागते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था : केंद्र शासनाने १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि १९५६ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या नियमनासाठी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापिली. या परिषदेचे काम पुढे २०१८ मध्ये निर्माण केलेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेकडे गेले. रत्नागिरी शहरात या योजनेखालील शासकीय संस्था आहे. तालुक्यांच्या ठिकाणीही अशा संस्था निघाल्या. प्रत्येक विषयास ‘व्यवसाय’ ही संज्ञा आहे. जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री व तारतंत्री हे व्यवसाय दोन वर्षांचे असून संधाता, नळ कारागीर इ. एका वर्षाचे आहेत. प्रवेश बहुतेक व्यवसायांस दहावीनंतर, गुणानुक्रमे मिळतो.

प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ कर्मशाळेत जातो. जोडारीचा उमेदवार आरंभीचे कित्येक दिवस पोलादाचा तुकडा कानशीने घासून सपाट व काटकोनात आणीत असतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे काम कंटाळवाणे आणि यंत्रयुगात निरर्थक वाटते. परंतु मिलिमीटरच्या अंशाचे माप हाताला आणि डोळ्याला याच काळात कळू लागते व पुढे यंत्रावर काम करताना चूक कोठे झाली हे ओळखता येते. प्रात्यक्षिकाच्या जोडीस व्यवसायाचे सिद्धांत, कर्मशाळेतील गणित, अभियांत्रिकी आरेखन आणि रोजगारक्षमतेची कौशल्ये हे विषय असतात. अखेरीस अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते सर्व राज्यांत ग्राह्य धरतात. राज्याच्या परिषदेचे प्रमाणपत्र यापेक्षा वेगळे असते. दोहोंतील भेद प्रवेश घेताना पुष्कळांना ठाऊक नसतो आणि भरतीच्या वेळी तो अडचणीचा ठरू शकतो.

प्रमाणपत्र हातात आले, तरी उमेदवार पूर्ण कारागीर झाला असे समजत नाहीत. शिकाऊ उमेदवार अधिनियम (१९६१) अन्वये कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करून दुसरी परीक्षा द्यावी लागते. रत्नागिरीच्या दृष्टीने खरी अडचण येथे सुरू होते. राज्य परिवहनाच्या कर्मशाळा, वीज कंपनी, कोकण रेल्वे, मिरजोळे येथील औद्योगिक वसाहत, रनपार येथील प्लॅस्टिक राळेचा कारखाना, जयगडचे औष्णिक वीज केंद्र व बंदर आणि खेड तालुक्यातील लोटे परशुरामची रासायनिक वसाहत ही जिल्ह्यातील प्रमुख ठिकाणे होत. त्यांत सामावून न घेतलेला उमेदवार मुंबई, ठाणे वा पुणे येथे जातो आणि उमेदवारी संपल्यावर सहसा तेथेच राहतो. राजापूर, खेड, दापोली या भागांतील अनेक कुटुंबांतून अरबी आखातातील देशांत नोकरीस जाण्याची रीत आहे. तेथे वीजतंत्री, संधाता व वातानुकूलन यंत्रांचे कारागीर यांची प्रमाणपत्रे साक्षांकित करून मागितली जातात. प्रशिक्षणाचा खर्च जिल्ह्यात आणि त्याचे फळ जिल्ह्याबाहेर, असे याचे वर्णन करता येईल. तरीही ते पूर्णतः न्याय्य नाही, कारण बाहेरून येणाऱ्या पैशावरच गावाकडील घरे व बागा उभ्या राहिल्या आहेत.

गावातच उपयोगी पडणारे व्यवसायही आहेत. वीज वितरणाच्या सेवेत शिरण्यास वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्र ही मुख्य पात्रता समजली जाते. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली व मंडणगड या तालुक्यांतील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर आडवे झाले. तेव्हा खांबावर चढून तार ओढू शकणाऱ्या माणसाचे मोल गावोगाव कळून आले.

तंत्रनिकेतन : दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमाची सोय रत्नागिरी येथील शासकीय तंत्रनिकेतनात आहे. स्थापत्य, यंत्र व विद्युत् अभियांत्रिकी या त्यातील मूळ शाखा होत. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची तरतूद आहे. त्यामुळे कानशीपासून निघून अभियंत्याच्या पदवीपर्यंत जाणारी वाट निदान कागदोपत्री अखंड आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे तिचा शेवटचा टप्पाही शहरात आला.

सागरी व्यवसाय : १९५० नंतरच्या दशकांत मासेमारी नौकांचे यांत्रिकीकरण होऊ लागले आणि वल्ह्या-शिडांवर पोसलेल्या ज्ञानास डिझेल इंजिनाच्या ज्ञानाची जोड आवश्यक झाली. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने किनाऱ्यावर प्रशिक्षण केंद्रे काढली, त्यांत रत्नागिरीच्या केंद्राचा समावेश होतो. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. नौकानयन, होकायंत्र व सागरी नकाशा यांचा वापर, इंजिनाची देखभाल व दुरुस्ती, जाळी बांधणे, मासळी शोधणारी आणि स्थान दाखविणारी उपकरणे, तसेच जीवरक्षण हे विषय शिकवितात. प्रवेशाच्या अटी येथे उद्धृत करण्याजोग्या आहेत : उमेदवार तरुण व प्रत्यक्ष मासेमारी करणारा असावा आणि त्यास पोहता आले पाहिजे. शालेय शिक्षणाची अपेक्षा अल्प आहे. गुणपत्रिकेऐवजी अंगचा अनुभव पाहून प्रवेश देणारा असा अभ्यासक्रम विरळाच. जिल्ह्यातील सर्व अभ्यासक्रमांत स्थानिक गरजेशी अधिकांत अधिक जुळणारा तोच होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र हे प्रमाणपत्र घेतलेला तरुण नौकेवर तांडेल होतो तो प्रमाणपत्रामुळे होतोच असे नाही. मालक सहसा त्याचा पूर्वानुभव आणि त्याने आणलेली मासळी पाहतो. इंजिन समुद्रात बंद पडले असता किनाऱ्यावरील कारागिराची वाट न पाहता ते सुरू करता येणे, हा या शिक्षणाचा खरा लाभ आहे. मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौकांवर नेपाळ व कर्नाटक येथून आलेले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. त्यांपैकी बहुतेकांना मासेमारी हा पिढीजात व्यवसाय नाही. त्यांच्यासाठी जीवरक्षणाचे अल्प मुदतीचे शिक्षण अधिक निकडीचे ठरते.

व्यापारी जहाजांवरील स्थिती याहून भिन्न आहे. कोकण किनाऱ्यावरील पुरुष पूर्वी चुलत्या-मामांच्या ओळखीने जहाजावर लागत. नाविकांचे प्रशिक्षण व प्रमाणन यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये झाला व १९९५ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तेव्हापासून अग्निशमन, प्रथमोपचार व जीवरक्षण यांची प्रमाणपत्रे असल्याखेरीज परदेशी जाणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. हे शिक्षण रत्नागिरीबाहेर, प्रामुख्याने मुंबई, नवी मुंबई व रायगड जिल्ह्यातील न्हावा येथे घ्यावे लागते. या क्षेत्रात बनावट प्रमाणपत्रे व खोट्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून फसवणूक होत असल्याने संस्थेस नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही, हे प्रथम तपासणे अगत्याचे असते.

उच्च शिक्षणाची सोय शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात (स्थापना १९८१) असून ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा (स्थापना १९७२) भाग आहे. तेथील पदवीधर संवर्धन केंद्रे, प्रक्रिया कारखाने, बँका व शासकीय खाती यांत जातात.

बागायती : आंबा हे जिल्ह्याचे प्रमुख बागायती पीक, तरी त्यातील अत्यंत कुशल कामाचे शिक्षण बव्हंशी संस्थांच्या बाहेरच होते. कोय कलमाचे उदाहरण घेता येईल. पावसाळ्यात रुजलेल्या कोयीचे रोप साधारण दोन आठवड्यांचे, तांबूस व कोवळे असताना छाटतात, त्याच्या खोडास मधोमध चीर देतात आणि हापूसच्या निवडलेल्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काप स्वच्छ व एका हाताचा हवा; साली जुळल्या नाहीत तर कलम मरते. जुन्या भेट कलमापेक्षा ही रीत जलद असून दापोलीच्या विद्यापीठाने तिचा प्रसार केला. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केल्यावर कलमांना अतोनात मागणी आली आणि रोपवाटिकांतून कलमे बांधणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. त्यांपैकी पुष्कळजण दुसऱ्याचे पाहून शिकलेले आहेत. कृषी तंत्र विद्यालयाची पदविका घेतलेला उमेदवार मात्र बहुधा खत-औषधांच्या दुकानाकडे वा नोकरीकडे वळतो. बागांची राखण व फवारणी यांसाठी नेपाळमधून येणाऱ्या मजुरांची संख्या वाढत गेली, हा त्याच वस्तुस्थितीचा दुसरा भाग होय.

स्त्रियांचे शिक्षण : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तथापि मुलींचा ओढा शिवणकाम, संगणक व सौंदर्यप्रसाधन यांकडे अधिक आढळतो. जिल्ह्यातील काजू कारखाने, मासळी प्रक्रिया आणि फळप्रक्रिया यांचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर आहे. गावात राहणाऱ्यांत स्त्रिया अधिक असता शीतगृहे व प्रक्रियायंत्रे यांची देखभाल त्यांस शिकविणे तर्कसंगत ठरले असते. त्या दिशेने झालेले काम तुटपुंजे आहे.

अल्पमुदतीचे अभ्यासक्रम : अकरावी-बारावीच्या स्तरावर राज्यात १९७८ च्या सुमारास द्विलक्षी आणि १९८८ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये समुदाय महाविद्यालयांची योजना आखून चालू महाविद्यालयांतच प्रमाणपत्र व पदविका वर्ग काढण्यास साहाय्य देऊ केले. भारतातील असे पहिले महाविद्यालय त्यापूर्वीच, १९९५ मध्ये, पुदुच्चेरी येथे निघाले होते. डिसेंबर २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने निरनिराळ्या प्रमाणपत्रांना एका मापाच्या पायऱ्यांवर बसविण्याचा प्रयत्न केला. काही आठवड्यांचा वर्ग आणि दोन वर्षांची कर्मशाळा यांची नावे सारखी भासत असल्याने उमेदवाराने अभ्यासक्रमाचा कालावधी, प्रात्यक्षिकाचे तास आणि परीक्षा घेणारी संस्था या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

२०१५ पासूनच्या केंद्रीय कौशल्य योजनेत पूर्वार्जित कौशल्याची मान्यता हा एक प्रकार आहे. त्यात काम आधीच येत असलेल्या माणसाची चाचणी घेऊन, वर्गात फारसे न बसविता, त्यास प्रमाणपत्र देतात. कलमे बांधणारे, जांभ्या दगडाचे गवंडी आणि अनुभवी तांडेल यांना हीच वाट सोयीची आहे. रोपवाटिकेतील मजुरी मात्र आजही बांधलेल्या कलमांच्या नगांवरच मोजली जाते.