फाशाला दोष देण्याआधी

अंधेरी किंवा मुलुंडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये शनिवारी पाच-सहा तरुण टेबलाभोवती जमतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि पुढचं वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा सर्वात प्रसिद्ध खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. चार-चार तास राक्षसांशी चाललेली लढाई ऐकून शेजारच्या खोलीतली आई धास्तावते. हे व्यसन तर नव्हे?

भीती जुनीच आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाचा संबंध थेट मुलांच्या आत्महत्यांशी जोडला गेला. तो सिद्ध झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण तो डिजिटल आणि व्हिडिओ गेमचा. इथे समोर माणसं असतात. बुजरा मुलगा पात्राच्या तोंडून बोलतो, भांडतो, मदत मागतो. (भातुकलीत हेच चालायचं, तेव्हा कुणी डॉक्टर गाठला नाही.) हा नैराश्यावरचा उपचार मात्र नव्हे. तरीही संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात सहापैकी एकाला एकटेपणा ग्रासतो. अशा वेळी ठरल्या दिवशी वाट पाहणारे चार मित्र असणं क्षुल्लक नाही.

जागरण होत असेल तर डाव लवकर सुरू करायला सांगावं. पण मुलगा या मित्रांनाही टाळू लागला, झोप-जेवण सुटलं, जगण्यात रस नाही असं बोलू लागला, तर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.