माळव्यातले माळवे

बालरोगतज्ज्ञाच्या घरी मुडदूस व्हावा, याहून मोठी नामुष्की कोणती? आमच्या घरी तो झाला. रुग्ण मात्र माणसाचे मूल नव्हते.

२०१६ साली आमच्या चिरंजीवांनी एका मित्राच्या घरी जन्मलेली कासवाची दोन पिल्ले आणली. जात आफ्रिकेतली, सल्काटा. त्या वेळी दोन्ही तळहातावर मावत. पुढच्याच वर्षी चिरंजीव शिक्षणासाठी परदेशी गेले आणि गोट्या व बंडू आमच्या पदरात पडले.

आम्ही त्यांचे लाड केले. सौ. निवडून कोवळा पालक घाली, सोबत टोमॅटो, काकडी, क्वचित पोळीचा तुकडा. इंदूरची थंडी बाधू नये म्हणून दिवाळीनंतर त्यांचा मुक्काम खोलीत, काचेच्या बंद खिडकीखाली असे. ऊन भरपूर येई. आम्ही निश्चिंत होतो.

२०१८ च्या जानेवारीत बंडू मागचे पाय ओढू लागला. पशुवैद्यकांनी कवचाच्या कडेवर अंगठा टेकवला, तशी कड दबली. आहार आणि उन्हाविषयी त्यांनी विचारले, मी सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या भाषेत हा मुडदूसच."

मित्रहो, काचेआडचे ऊन बाळाला ऊब देते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, हे मी पंचवीस वर्षे मातांना सांगत आलो. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, हेही पाठ होते. ते ज्ञान दवाखान्यातून घरी काही आले नव्हते. चूक प्रेमाची होती, पण हाडांना त्याचे काय?

कॅल्शियम सुरू झाले, मोकळ्या उन्हात फिरणे सुरू झाले आणि त्या वर्षी दसऱ्यानंतर मी परसातली वीस फूट बाय दहा फुटांची जागा खणायला घेतली. माळव्याची काळी माती हिवाळ्यात हात राखत नाही. कुजलेले शेणखत मिसळले, कीटकनाशकाला पूर्ण बंदी केली. अर्ध्या जागेत हरळी ठेवली, कारण सल्काटा हा मुळात गवत खाणारा प्राणी. गवत हे त्याचे जेवण आणि भाजी ही कोशिंबीर. थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा वाळलेले गवत कामी येते. उरलेल्या वाफ्यांत मोहरी, मेथी, मुळा आणि सलगम. मुळा नि सलगमाचे कंद आमच्या पानात, पाला त्यांच्या. सलगमाच्या पाल्यात कॅल्शियम उत्तम असते. पेरणी एकदम न करता पंधरा-पंधरा दिवसांनी केली, म्हणजे फेब्रुवारीअखेर कोवळा पाला मिळत राहतो. मोहरी-सलगमाच्या कुळातली भाजी रोज एकच घालू नये, कारण तिच्यातली काही द्रव्ये थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. म्हणून आलटून पालटून मेथी, जास्वंदीची पाने. पालक, चाकवत आणि चुका आम्ही आमच्यापुरते ठेवले.

आणखी एक शिस्त पशुवैद्यकांनी लावली. कासवाचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. गारठलेल्या कासवाला अन्न पचत नाही. म्हणून आधी ऊन, मग न्याहारी. कोमट पाण्याचे स्नान आणि रात्री उबदार पेटी. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. सौ. म्हणते, घरात बाळंतीण असावी तशी ही चार महिन्यांची बडदास्त.

वर्षभरात कवच टणक झाले. बंडूच्या पाठीवरचे उंचवटे मात्र कायम राहिले. या उंचवट्यांचा दोष पूर्वी प्रथिनांवर जाई. सल्काटावरच्या २००३ सालच्या एका अभ्यासात कोरडी हवा हे त्याहून मोठे कारण ठरले. ते काहीही असो, आमच्या अज्ञानाची ती नोंद बंडू पाठीवर वागवतो आहे.

हा लेख वाचून कोणी कासव आणायला निघू नये, म्हणून दोन शब्द. आपले भारतीय तारा कासव घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी जातींपैकी अनेकींची नोंदणी बंधनकारक आहे. आम्ही ती २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर केली. कंटाळा आला म्हणून विदेशी कासव तळ्याकाठी वा रानात सोडणे हा तर दोघांवर अन्याय, त्याच्यावर आणि तिथल्या जीवांवर. शिवाय निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्याला हाताळू नये, इतरांनी साबणाने हात धुवावेत. अतिसाराच्या बालरुग्णाची माहिती घेताना घरात कासव आहे का, हा प्रश्न मी आता आवर्जून विचारतो.

आज गोट्या चौदा किलोंचा आहे, बंडू अकरांचा. हे प्राणी सत्तर वर्षांहून अधिक जगू शकतात. मी अठ्ठावन्नचा. हिशेब सोपा आहे. आपल्या व्यवसायातही तेच. ज्यांची हाडे आपण घडवू पाहतो, त्यांचे म्हातारपण आपण पाहणार नसतो. तरीही पाया आजच घालावा लागतो.

पुढची सोय मात्र ठरली आहे. धाकट्या भावाची पंधरा वर्षांची मुलगी दर रविवारी येते, दोघांचे वजन वहीत लिहिते आणि हात धुऊन वाफ्यांकडे वळते. परवा मला दवाखान्यात तिचा फोन आला, "काका, मोहरीची दुसरी पेरणी राहिली आहे." रुग्ण थांबले होते, तरी ती तारीख मी समोरच्या कागदावर टिपून घेतली.