बांधापलीकडचा माळ आणि आपल्या पिकाचे परागीभवन

कांदा बीजोत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्यांचा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरलेला प्रश्न असतो. "डोंगळे जोमदार आले, गोंडे फुलले, पण मधमाशी फिरकत नाही. काय फवारू?" फवारण्यासारखे काही नसते. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरूनच यावा लागतो आणि तो आणायला कीटक लागतो. कांदा फुलतो तीन-चार आठवडे. वर्षातला बाकी काळ हा कीटक कुठे राहिला आणि काय खाऊन जगला, याचे उत्तर शेतात सापडत नाही. ते बांधापलीकडच्या माळावर सापडते, आणि शोधायचे असेल तर फेब्रुवारीत नव्हे, पाऊस उघडल्यावर शोधावे लागते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. खुलताबाद, म्हैसमाळ, दौलताबाद, कन्नड, सोयगाव या भागांतील डोंगरउतार आणि गावोगावची गायराने मुरमाड, उथळ मातीची आहेत. कागदोपत्री ही जमीन 'पडीक' असते. पण पवन्या, शेडा, कुसळी, मारवेल यांचा हा माळ म्हणजे ओसाड झालेले जंगल नव्हे, तो मुळातच गवताचा आहे. अशा चांगल्या गवतात खड्डे खणून दाट झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा मला वाईट वाटते. झाडांना जागा पुष्कळ आहे, गवताला कमी उरली आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. गवताचे परागीभवन वारा करतो आणि गवतफुलात मकरंद नसतो. आपल्याला पाहायच्या आहेत त्या गवताच्या ठोंबांमधून डोकावणाऱ्या फुलवनस्पती आणि ठोंबांमधली मोकळी माती.

एक सकाळ माळावर

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान जा. पायात बूट आणि हातात काठी हवीच, कारण फुरसे आणि घोणस याच माळावर असतात. आग्या मोहोळ दिसले तर लांबूनच परत फिरा. फिरत राहण्यापेक्षा एका फुललेल्या झुडपासमोर दहा मिनिटे बसा आणि किती कीटक आले, ते कसे दिसत होते, हे वहीत लिहा. नाव माहीत नसले तरी चालेल. 'काळा मोठा', 'पोटावर निळे पट्टे', 'बारीक, हिरवट चमक' एवढे पुरे.

सुरुवात तरवडापासून करा. पिवळ्या फुलांचे हे झुडूप जनावरे सहसा खात नाहीत, म्हणून चराईच्या माळावरही टिकून असते. त्याचे फूल जवळून पाहा. परागकोशाला उभी चीर पडत नाही, टोकाला बारीक छिद्र असते. मिठाच्या डबीसारखे ते हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज एकदम चढतो. कान देऊन ऐका, फरक स्पष्ट कळतो. निळ्या पट्ट्यांची माशी आणि काही बारीक एकांड्या माश्यांनाही हे जमते.

आता वांग्याच्या फुलाकडे या. तिथेही परागकोशाला टोकाशीच छिद्र असते. टोमॅटोतही पराग परागकोशांच्या सुळक्याच्या टोकातूनच बाहेर पडतो. पेटीतली मधमाशी कितीही कष्टाळू असली तरी तिला ही थरथर जमत नाही. वांगे वाऱ्याने आणि स्वपरागीभवनानेही धरते, हे खरे. पण थरथरवणारी माशी आली की फळधारणा वाढते आणि फळ चांगले भरते. म्हणजे तुमच्या वांग्याच्या कामाचा मजूर तरवडावर वाढतो, आणि तरवड आपण बांधावरून खणून काढतो.

माती, काटक्या आणि पानाची कातर

बहुतेक रानमाश्या पोळे करत नाहीत. प्रत्येक मादी एकटीच घरटे करते, तेही बहुधा जमिनीत. बांधाच्या उन्हाकडच्या उतारावर किंवा पायवाटेच्या कडेला पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक भोके दिसतात, भोवती बारीक मातीचा कडा असतो. मुंग्यांचे वारूळ समजून आपण त्यावर पावडर टाकतो. थोडा वेळ थांबून पाहा. मुंग्यांची रांग नसेल आणि पायाला पिवळा पराग लागलेली माशी आत जात असेल तर ते भोक तसेच राहू द्या. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत पोखरून घर करतो.

तुरीच्या किंवा गुलाबाच्या पानाची कड कोणीतरी गोल कातरल्यासारखी दिसली की अळी आली म्हणून पंप बाहेर निघतो. अळी पान वेडेवाकडे खाते, विष्ठाही टाकते. कातरीने काढावा तसा सुबक गोल तुकडा पर्णकापी माशी नेते, घरट्याचे अस्तर म्हणून. तुरीच्या फुलावर येऊन आपल्या वजनाने पाकळ्या दाबून ते उघडणाऱ्यांत हीच माशी असते. (तुरीचे बीजोत्पादन घेणाऱ्यांनी मात्र विलगीकरण अंतर पाळावे. ही माशी जात पाहून फुलावर बसत नाही.)

फुलांचा वर्षाचा हिशेब असा लागतो. पावसाळ्यात एकदांडी, पांढऱ्या फुलांचा तुंबा, कुर्डू. त्याच सुमारास आणि पुढे बोर, हिवर. पाऊस सरला की दीपमाळ, मग शेतातली तूर. तुरीनंतर आपल्याकडे ओढ पडते, कारण हरभरा माशीला फारसे काही देत नाही. तेव्हा करडई असेल तर उत्तम, नाहीतर तरवड आणि रुई यांच्यावरच निभावते. कांदा संपता संपता कडुनिंब आणि करंज येतात. यातल्या ज्या महिन्यात तुमच्या शिवारात एकही फूल नाही, त्या महिन्यात लहान माश्या कमी होतात. त्या घरट्यापासून काही शे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत.

काय सोडायचे, काय काढायचे

सगळे तण राखा, असे मी म्हणणार नाही. गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटा. कपाशीच्या बांधावर पेठारीही ठेवू नका, या दोन्हींवर पिठ्या ढेकूण तग धरतो. हरळी, कुंदा, लव्हाळा शेतात शिरतात, त्यांना दया नको. पण तरवड, तुंबा, दीपमाळ, एकदांडी यांच्यासाठी बांधाची एक बाजू तणनाशक आणि कोळपे यांपासून मोकळी ठेवता येते.

गवत कापण्याबाबत थोडी ओढाताण आहे. चाऱ्याची प्रत फुलोऱ्यात सर्वांत चांगली, आणि नेमके तेव्हाच सगळा माळ सपाट केला तर बी पडत नाही, फुलेही जातात. दोन भाग फुलोऱ्यात कापा, तिसरा बी गळेपर्यंत राखा, पुढच्या वर्षी राखीव पट्टा बदला. उन्हाळ्यात माळ पेटवून देण्याची पद्धत मात्र सोडाच. कोवळा फुटवा मिळतो, पण काटक्यांतली घरटी आणि जमिनीवर पडलेले बी त्यात जाते.

अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाने मका-सोयाबीनच्या क्षेत्रात १० टक्के जागेवर त्यांच्या प्रेअरी गवताळ प्रदेशातील देशी वनस्पतींचे पट्टे ठेवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार परागवाहक कीटकांची संख्या सुमारे साडेतीन पट झाली आणि मातीची धूपही मोठ्या प्रमाणात घटली. तिथली शेते मोठी, पाऊस वेगळा. आपल्या दोन-अडीच एकरांत दहा टक्के कोणी सोडणार नाही, आणि सोडावेत असा आग्रहही नाही. आपल्याकडे बांध आणि गायरान आधीच आहेत.

डोंगळ्यांवर फुलकिड्यांसाठी फवारणी लागणार असेल तर ती गोंडे उमलण्याआधी उरका. फुलोऱ्यात टाळता येत नसेलच तर सूर्यास्तानंतर करा, लेबलवरील सूचना वाचूनच. पेट्या भाड्याने आणल्या असतील तर त्यांच्या मालकाला आदल्या दिवशी कळवा.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सुचवतो. शेतीशाळेचा एक वर्ग ऑक्टोबरमध्ये गायरानावर घ्या आणि दहा मिनिटांची मोजणी प्रत्येकाकडून करून घ्या. फेब्रुवारीत त्याच वह्या घेऊन, त्याच वेळी, कांद्याच्या गोंड्यांसमोर बसा. एक मोजणी माळालगतच्या प्लॉटवर आणि एक माळापासून दूरच्या प्लॉटवर घ्या. काढणीच्या वेळी दोन्हीकडच्या दहा-दहा गोंड्यांचे भरलेले बी वेगळे तोला आणि त्याच पानावर लिहून ठेवा.