पाखराबरोबर फिरणारा कॅमेरा

पॅनिंगमध्ये शटरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि उडत्या पक्ष्याच्या गतीने कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवतात. पक्षी बऱ्यापैकी स्पष्ट उमटतो, मागची झाडी मात्र आडव्या रेघांत विरघळते. निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) या सरावाला सोयीचे आहे. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या या पाणथळीत राखी बगळा, चित्रबलाक असे संथ पंखांचे मोठे पक्षी दिसतात. त्यांच्यासाठी १/३० ते १/६० सेकंद पुरतो. भरधाव बदकांना १/१२५ पासून सुरुवात केलेली बरी. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात असे कमी वेग सहज साधतात. ऊन चढले की आयएसओ उतरवून छिद्र बारीक करावे लागते, नाहीतर चित्र पांढरे पडते.

पाय रोवून, कोपरे बरगड्यांना टेकवून कमरेतून वळायचे. बटण दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. नवख्यांचे बहुतेक फोटो इथेच बिघडतात. पंख पुसट आले तर उत्तमच, डोळा मात्र रेखीव हवा. पक्षी समोरून आडवा जात असावा. थेट अंगावर येणाऱ्यावर ही युक्ती चालत नाही. लेन्सचे स्थिरीकरण फक्त उभा हादरा रोखणाऱ्या मोडवर ठेवावे, नाहीतर ते आडव्या फिरण्यालाच अडवू पाहते.