हिरवा टोमॅटो आणि पर्यायाचा विचार



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर स्वयंपाकघराचा विषय काहींना हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु कृतीत सांगितलेला जिन्नस घरात नाही, किंवा तो काय असतो हेच ठाऊक नाही, अशा वेळी काय करावे हा प्रश्न रोजचा आहे. कित्येक जण तो पदार्थच सोडून देतात. कित्येक जण हाताला येईल ते घालतात. पहिल्या मार्गाने पदार्थ विसरला जातो, दुसऱ्याने तो बिघडतो. खरा मार्ग विचाराचा आहे, आणि तो समजण्यास हिरवा, म्हणजे कच्चा टोमॅटो हे उदाहरण सोयीचे आहे.

विचाराचे सूत्र एवढेच, की जिन्नसाचे नाव विचारू नये, काम विचारावे. कोणी आंबटपणा आणतो, कोणी दाटपणा, कोणी स्निग्धपणा, कोणी वास, तर कोणी कुरकुरीतपणा. आमटीत देशावर चिंच पडते, कोकणात आमसूल पडते. नावे दोन, काम एक.

आता हिरव्या टोमॅटोकडे पाहू. त्याचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक व मॅलिक या आम्लांचा असतो. त्याचा घट्टपणा पेक्टिनमुळे असतो. फळ पिकू लागले म्हणजे फळातलीच विकरे ते पेक्टिन मोडतात व फळ मऊ पडते. लाल रंग, गोडी आणि सुवास ही पिकण्याची देणगी आहे. तेव्हा हिरवा टोमॅटो हा पिकलेल्याची जागा घेणारा नव्हे. त्याच्या हिरव्या फळांचे सार लालसर व्हावयाचे नाही. तो कैरीच्या, चिंचेच्या पंक्तीत बसणारा आहे.

प्रथम एक फळ आडवे चिरून पाहावे. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि सुरीखाली बी न चिरता सरकत असेल, तर ते फळ भरलेले आहे. त्या तोडणीतली बाकीची फळे घरात पिकतील. पिकलेल्या केळ्याजवळ ठेवल्यास लवकर पिकतील, कारण त्यातून निघणारा इथिलीन वायू पिकण्यास चालना देतो. आंब्याच्या अढीत हेच घडते. शीतकपाटात मात्र ती पिकत नाहीत. बी चिरले जात असेल, तर त्या फळांची वाट न पाहता चटणी करावी.

पाव किलो फोडी, चार-पाच हिरव्या मिरच्या व सहा-सात लसूण पाकळ्या थोड्या तेलावर मऊ होईपर्यंत परताव्यात. निवल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि गुळाचा खडा घालून भरड वाटावे. शेंगदाण्यांचे काम पाणी शोषण्याचे व आंबटपणा निवविण्याचे आहे. तेच काम तीळ किंवा सुके खोबरे करते. म्हणून शेंगदाणे नसले तरी चटणी अडत नाही. हीच फळे आमटीत घालावयाची असतील, तर डाळ शिजल्यावर घालावीत, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही.

परदेशी कृतींनाही हेच सूत्र लागू पडते. अमेरिकेत हिरव्या टोमॅटोच्या चकत्या मक्याच्या भरड पिठात घोळवून तळतात. त्या पिठाचे काम ओलावा धरून खरखरीत कवच देण्याचे आहे. आपल्याकडे वांग्याचे काप रव्यात घोळवतात, तसेच हेही करावे. मेक्सिकोच्या हिरव्या चटणीत टोमॅटिल्यो नावाचे फळ असते. कागदी आवरणातले हे फळ टोमॅटो नव्हे. ते आपल्या रानातल्या चिरबोटीचे भावंड आहे. त्याचे काम आंबटपणाचे व दाटपणाचे असल्यामुळे तेथे हिरवा टोमॅटो, थोडे लिंबू पिळून, चांगला चालतो.

पर्यायाला मर्यादाही आहेत. जेथे काम वासाचे आहे, तेथे पर्याय पंगू ठरतो. आंबेडाळीत हिरवा टोमॅटो किसून घातला, तर डाळ आंबट होईल, पण कैरीचा वास येणार नाही. तिला आंबेडाळ म्हणू नये. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. महिनोन् महिने हवाबंद बाटलीत ठेवावयाच्या पदार्थात व्हिनेगर केवळ चवीसाठी नसते, ते जंतूंना रोखण्यासाठी असते. तेथे जिभेच्या अंदाजाने दुसरे आंबट घालू नये किंवा माप कमी करू नये. साखर आंबटपणा जिभेपासून लपवते, आणि आम्ल अपुरे पडल्यास बॉट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते. त्याचा वास किंवा चव कळेलच असे नाही. खात्रीची कृती नसेल, तर चटणी ताजी करून चार दिवसांत संपवावी. टोमॅटोचा पाला तर पालेभाजी म्हणून वापरूच नये.

नव्या जिन्नसाला जुन्या शेजारी बसविणे ही आपली परंपराच आहे. टोमॅटो अमेरिका खंडातून आला, तेव्हा आपल्या लोकांनी त्याला बेलवांगे म्हटले. आणि वनस्पतिशास्त्रही त्याला वांग्याच्याच प्रजातीत घालते. मिरचीने मिऱ्याचे काम घेतले व नावही घेतले. उपवासाच्या खिचडीत आज काय असते? बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो तो कसावा. चारही मूळचे अमेरिका खंडातले. ज्या घराने एवढे परके आपल्या उपवासाला बसविले, त्याने एखाद्या अनोळखी नावाने चूल अडवून धरावी, याला कारण नाही. त्या जिन्नसाचे काम विचारावे आणि आपल्या फडताळात पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.