मक्यातील बुरशीविष आणि प्रतिदीप्तीची साक्ष

नाशिक जिल्ह्यातील येवला, लासलगाव, मालेगाव या बाजारपेठांत दिवाळीच्या सुमारास खरीप मक्याची आवक सुरू होते. परतीचा पाऊस लांबला व दाण्यातील ओलावा शेकडा 14 च्या वर राहिला, म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीस वाव मिळतो. तिच्यापासून होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाचे भय काल्पनिक नव्हे. 1974 साली राजस्थान व गुजरातेतील आदिवासी खेड्यांत असा मका खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली.

अतिनील प्रकाशात निळी प्रभा देणारी ती 'बी' व हिरवी देणारी ती 'जी', अशी या विषांची नावेच त्यांच्या प्रतिदीप्तीवरून पडली आहेत. साहजिकच 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्याखाली भरडलेला मका पिवळसर हिरवा चमकला की तो विषारी, असा समज रूढ झाला. परंतु ही चमक विषाची नव्हेच. बुरशीने निर्माण केलेल्या कोजिक आम्लावर जिवंत दाण्यातील पेरॉक्सिडेज या विकराची क्रिया होऊन ती उत्पन्न होते. वाळलेल्या मक्यास गोदामात बुरशी लागली, तर विष असूनही चमक न दिसणे शक्य आहे. उलट चमकणाऱ्या दाण्यात विष नसूही शकते. तेव्हा केवळ दिव्याच्या भरवशावर भाव पाडणे हा शेतकऱ्यावर अन्याय, आणि माल निर्दोष ठरविणे हा खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ होय.

मग विषाची स्वतःची प्रभाच का पाहू नये? भारतीय मानकांनुसार तृणधान्यातील एकूण अफ्लाटॉक्सिनांची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या अल्प अंशाची प्रभा धान्यातील इतर द्रव्यांच्या प्रभेत लोपून जाते. येथे प्रतिदीप्त शोधकांचा उपयोग होतो. विषाच्या रेणूस नेमके धरणाऱ्या डीएनएच्या लहानशा धाग्यास प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडतात व तो ग्रॅफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यावर बसवितात. पापुद्रा त्याची प्रभा विझवितो. अर्कात विष असल्यास धागा त्याला बिलगून पापुद्र्यापासून सुटतो, आणि विझलेली प्रभा पुन्हा प्रकट होते. तिच्या तीव्रतेवरून विषाचे प्रमाण काढता येते.

तथापि शोधक कितीही सूक्ष्म असला तरी तो अर्काच्या काही थेंबांविषयीच बोलतो. विष मात्र ढिगात सारखे पसरलेले नसते; पुष्कळदा ते मोजक्या दाण्यांतच एकवटते. म्हणून ट्रॉलीच्या तळापासून माथ्यापर्यंत अनेक ठिकाणचे दाणे घेऊन, तो सर्व नमुना एकत्र दळून, मगच त्यातील अंश अर्कासाठी घ्यावा लागतो.