मधाचा रंग आणि मधाचा गुण
मोहोळाचे शास्त्र : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात मकरंदाचा मध कसा होतो, याचा वृत्तान्त आपण पाहिला. प्रारंभी ज्यात निम्म्याहून अधिक पाणी असते असा तो पातळ गोड रस माशांच्या मुखातून मुखात फिरत, त्यांच्या ग्रंथींतील पाचक द्रव्ये आपल्यात मिसळून घेत आणि पंखांच्या वाऱ्याने आटत अखेर इतका घट्ट होतो की त्यात सहसा कोणताही जंतू वाढू शकत नाही, आणि मग तो मेणाच्या पातळ झाकणाखाली मोहोरबंद होतो, इथवर आपण आलो होतो. आज ते झाकण उघडून आतील जिनसांची मोजदाद करावयाची आहे. आणि ती करण्यास एक निकडीचे कारण असे की, हल्ली मधाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक अक्षरांत आढळू लागला आहे. या शब्दाला अर्थ आहे, प्रयोगांचा आधारही आहे. परंतु तो आधार कोठपर्यंत पोचतो आणि कोठे संपतो, हे मध विकत घेणाऱ्या गृहस्थाला कोणी सांगत नाही.

मधाच्या रासायनिक घटनेचा आजही प्रमाण मानला जाणारा मोठा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यातील जे. डब्ल्यू. व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली प्रसिद्ध केला. त्यांनी मधाचे 490 नमुने तपासले, आणि त्यांची सरासरी अशी निघाली : पाणी सुमारे 17 टक्के, फलशर्करा 38 टक्के, द्राक्षशर्करा 31 टक्के, माल्टोज व तत्सम द्विशर्करा 7 टक्के, आणि आपल्या घरातल्या साखरेच्या जातीची इक्षुशर्करा अवघी सव्वा टक्का. म्हणजे शंभर भागांतील पंचाण्णव भाग पाणी व शर्करा यांतच खर्ची पडतात. आपल्या सह्याद्रीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीच्या मधात पाण्याचा अंश याहून अधिक असतो, आणि दमट हवेत तो वीस टक्क्यांच्या वर गेला तर मध आंबण्याची भीती असते. म्हणून झाकण न धरलेल्या पोळ्यातून घाईने मध काढू नये, असा जाणत्या मधपाळांचा शिरस्ता आहे.

या दोन प्रमुख शर्करांपैकी द्राक्षशर्करा पाण्यात कमी विरघळते. तिचे प्रमाण जास्त असलेला मध थंडीत रवाळ होतो, तळाशी पांढरी साय धरतो, आणि मग ग्राहक ‘यात साखर घातली आहे’ असे म्हणून तो परत करतो. हा त्या मधावर आणि तो काढणाऱ्या मधपाळावर होणारा धडधडीत अन्याय आहे. रवे धरणे हा मधाचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पूर्ववत पातळ होतो.

उरलेल्या पाच भागांकडे आता वळू, कारण मधाला मधपण देणारे सारे काही त्यांतच आहे. तेथे प्रथम भेटतात ती आम्ले. मध जिभेला गोड लागतो म्हणून तो आम्लधर्मी आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. परंतु त्याचा सामू सरासरी 3.9 इतका, म्हणजे बराच आंबट असतो. त्यांतील मुख्य आम्ल ग्लुकॉनिक आम्ल होय, आणि ते येते कोठून ही हकीकत विलक्षण आहे. माशीच्या डोक्यातील ग्रंथींतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मकरंदात मिसळते. ते द्राक्षशर्करेचे ऑक्सिडीकरण करून ग्लुकॉनिक आम्ल बनवते, आणि त्याच क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक द्रव्य निर्माण होते. मधातील जंतुरोधक तत्त्वाला 1937 साली जर्मनीतील डोल्ड यांनी ‘इन्हिबिन’ असे नाव दिले होते. ते पुढे पाव शतक गूढच राहिले, आणि हे इन्हिबिन म्हणजेच हायड्रोजन पेरॉक्साइड होय असा उलगडा 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उपरोक्त व्हाइट यांनीच केला. परिपक्व, घट्ट मधात हे विकर जवळजवळ निद्रिस्त असते. मधात पाणी मिसळले की ते जागे होते. पोळ्यात अजून पातळ असलेल्या, सहज नासू शकणाऱ्या रसाचे रक्षण त्याने करावे अशी ही योजना आहे. तीव्र उष्णता आणि प्रखर प्रकाश लागला की ते नष्ट होते.

वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकारक द्रव्य आहे, आणि मधाची कीर्ती तर ऑक्सिडीकरण रोखणारा म्हणून सांगितली जाते. हे परस्परविरोधी गुण एकाच थेंबात नांदतात. एक देणगी माशीची, आणि दुसरी वनस्पतीची.

ही दुसरी देणगी म्हणजे फिनॉल वर्गातील द्रव्ये. शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले की खवट होते, चिरलेले वांगे काळे पडते, यांच्या मुळाशी ऑक्सिजनची क्रिया आहे. आपल्या शरीरातही श्वसनाच्या ओघात ऑक्सिजनापासून काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. एक इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतात आणि नुकसानीची मालिका सुरू होते. यांना मुक्त मूलके म्हणतात. जे द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन ही मालिका तोडते आणि तसे करताना स्वतः मात्र उपद्रवी बनत नाही, ते प्रति-ऑक्सिडीकारक, अर्थात अँटिऑक्सिडंट. वनस्पती ऊन, कीड आणि बुरशी यांपासून स्वसंरक्षणार्थ अशी द्रव्ये तयार करतात. ती मकरंदातून, परागातून आणि झाडाच्या डिंकातून मोहोळात पोचतात. मधात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन यांसारखी फ्लॅव्होनॉइडे, आणि कॅफेइक, फेरुलिक, गॅलिक आदी आम्ले आढळली आहेत. अमुक फुलाच्या मधात अमुक मिश्रण, असा त्यांचा जणू दाखलाच असतो.

प्रयोगशाळेत हा गुण मोजण्याची एक रीत पाहण्यासारखी आहे. डीपीपीएच या संक्षिप्त नावाचे एक द्रव्य मद्यार्कात विरघळवले की गडद जांभळा द्राव मिळतो. ते स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक आहे. त्यात मधाचा द्राव घातला की मधातील फिनॉले त्याला हायड्रोजन पुरवतात आणि जांभळा रंग ओसरत ओसरत पिवळ्याकडे झुकतो. रंग किती ओसरला, हे मापकाने वाचावयाचे, आणि त्यावरून मधाचे सामर्थ्य ठरवावयाचे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मे बेरेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एकेका फुलाचे असे चौदा मध पारखून पाहिले, तेव्हा सर्वांत दुबळा आणि सर्वांत समर्थ यांच्यात सुमारे वीस पटींचे अंतर निघाले. अग्रस्थानी होता तो कुट्टूचा काळसर मध. आणि एकंदरीत असे दिसले की, मध जितका गडद तितके त्याचे प्रति-ऑक्सिडीकारक सामर्थ्य अधिक.

रंगावरून मधाची प्रतवारी करणे आपल्याकडे नवे नाही. चरकसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक अशा चार मधांचे वर्णन आहे, आणि त्यांची ओळख अनुक्रमे तेलासारखा, श्वेत, कपिल आणि तुपासारखा अशा रंगांनीच करून दिलेली आहे. परंतु या प्राचीन आणि अर्वाचीन निरीक्षणांवरून ‘काळा मध घ्यावा’ असा सरधोपट निष्कर्ष काढला तर आपली फसगत होईल, आणि आजच्या लेखांकात मला सर्वांत आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच.

कारण मध दोन रीतींनी गडद होतो. एक फुलामुळे, जांभळाचा मध जन्मतःच गडद आणि किंचित कडवट असतो. दुसरी उष्णतेमुळे व वयामुळे. मध तापवला, किंवा पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर पडून राहिला, की त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन तपकिरी द्रव्ये बनतात. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तो याच क्रियेने. ही तपकिरी द्रव्येही त्या जांभळ्या द्रावाचा रंग उतरवतात! म्हणजे मध तापवून बिघडवला, त्याची विकरे मारली, सुवास उडवला, तरी चाचणीतला आकडा कित्येकदा वाढतो. फिनॉले मोजण्याच्या दुसऱ्या एका प्रचलित रीतीत तर खुद्द शर्कराही थोडा हातभार लावतात, आणि मधात शर्करेवाचून दुसरे फारसे आहे काय? केवळ अँटिऑक्सिडंटचा आकडा पाहून मधाच्या गुणवत्तेचा निर्वाळा देणे म्हणूनच मला मान्य नाही. त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा हवा, तो हायड्रॉक्सिमिथिल फर्फुरालचा. हे द्रव्य ताज्या मधात नाममात्र असते आणि तापवण्याने व साठवणुकीने वाढत जाते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते किलोमागे 40 मिलिग्रॅमच्या आत, आणि उष्ण प्रदेशांतील मधासाठी 80 च्या आत असावे लागते. गडद असूनही ज्यात हे अल्प आहे, त्या मधाचा रंग फुलाने दिलेला आहे अशी बरीच खातरजमा होते.

आता प्रमाणाचा जमाखर्च. मधातील फिनॉले किलोमागे काही दशक ते काही शतक मिलिग्रॅम असतात. उदार होऊन 500 धरली, तरी सात ग्रॅमच्या एका चमच्यात साडेतीन मिलिग्रॅम येतात. एक कप चहात याच वर्गातील द्रव्ये शंभर मिलिग्रॅमच्या वर असू शकतात. शिवाय परीक्षानळीतला गुण रक्तात तसाच उतरतो असे नाही. कुट्टूच्या मधाचा प्रयोग माणसांवरही झाला असून त्याचा वृत्तान्त 2003 साली प्रसिद्ध झाला. पाण्यातून सुमारे 80 ग्रॅम मध घेतलेल्या निरोगी पुरुषांच्या रक्तद्रवाचे प्रति-ऑक्सिडीकारक सामर्थ्य सुमारे सात टक्क्यांनी वाढलेले आढळले. परिणाम खरा आहे, आणि लहान आहे. आणि त्यासाठी दहाबारा चमचे मध पोटात घालावा लागला. मधुमेही माणसाने या सात टक्क्यांसाठी एवढी शर्करा घेणे सर्वथा अयोग्य. ज्याला साखर घ्यावयाचीच आहे त्याने तिच्याऐवजी थोडा चांगला मध घ्यावा, एवढेच हे शास्त्र आज सांगते.

मोहोळातील इतर पदार्थांपैकी या गुणात मधाहून कितीतरी श्रेष्ठ आहे ते प्रोपोलिस, म्हणजे माशा झाडांच्या कळ्यांवरचा व सालीवरचा चिकट राळेसारखा स्राव गोळा करून ज्याने फटी लिंपतात ते द्रव्य. त्यात ढोबळमानाने निम्मी राळ आणि तीस टक्के मेण असते, आणि राळेत फिनॉलांची रेलचेल असते. समशीतोष्ण प्रदेशांत ते मुख्यतः पॉप्लर वृक्षाचे असते. ब्राझीलमधील हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचे, आणि त्यातील आर्टेपिलिन-सी हे द्रव्य त्याच्या कीर्तीचे कारण आहे. मात्र आपली सातेरी माशी प्रोपोलिस गोळा करीतच नाही. ते युरोपीय मेलिफेरा माशीच्या पेट्यांतून मिळते. आणि भिंतींच्या भेगांत राहणारी आपली चिमुकली पोया माशी राळ व मेण एकत्र मळून आपले घरटे बांधते. सबब ‘सातेरीचे प्रोपोलिस’ म्हणून कोणी काही विकू लागल्यास ते घेऊ नये. परागातही फ्लॅव्होनॉइडे विपुल असतात, परंतु ज्यांना परागाचे वावडे आहे त्यांनी त्यापासून दूर राहावे. मेणाचा आणि राजान्नाचा या प्रकरणाशी फारसा संबंध नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करू.

पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, आणि भारतीय मधांच्या पृथक्करणाचे पायाभूत काम आर. पी. फडके यांनी त्या दशकात केले. महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळीची परंपरा जुनी आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्या डोंगरांत जांभूळ, हिरडा, गेळा यांचे मध मिळतात, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की त्या हंगामाचा मध निराळाच असतो. मध घेताना विक्रेत्याला ‘शुद्ध आहे का?’ असे विचारण्याचा प्रघात आहे, आणि त्याचे उत्तर नेहमी एकच येते. त्याऐवजी ‘कोणत्या फुलाचा, कोणत्या हंगामाचा, आणि तापवला आहे का?’ असे विचारावे. ज्याने स्वतः पेट्या सांभाळल्या आहेत तो याचे उत्तर आनंदाने देतो.

शेवटी एक खबरदारी, जी आपल्या घराघरांतील जुन्या रिवाजाशी निगडित आहे म्हणून स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. नवजात अर्भकाला मध चाटवण्याची चाल आपल्याकडे श्रद्धेने पाळली जाते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती निरुपद्रवी ठरतात, परंतु तान्ह्या मुलाच्या अपक्व आतड्यात रुजून ती स्नायूंना लुळे करणारे प्राणघातक विष निर्माण करू शकतात. मध शुद्ध असल्याने, घरच्या पेटीतला असल्याने किंवा गरम केल्याने हा धोका टळत नाही. बाळाचे एक वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याच्या जिभेला मधाचे बोटही लावू नये, ही सर्व आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे.